मानेतला बाक

दिवाळीची साफसफाई म्हणजे आपल्या घरांतल्या जुन्या वस्तूंची वार्षिक परीक्षा. माळ्यावरून सगळी मंडळी खाली उतरतात, फडक्याने पुसली जातात, आणि मग गृहिणी निकाल लावते. पास झालेली पुन्हा माळ्यावर, नापास झालेली भंगारवाल्याच्या गाडीवर. सात वर्षे सतत काठावर पास होणाऱ्या आमच्या पितळी स्टोव्हची हकीकत मी गेल्या दिवाळीत याच पानावर सांगितली होती. त्यावर दोघा-तिघा वाचकांनी, स्टोव्ह विकायचा आहे काय, अशी विचारणा केली. विकायचा नाही. यंदाची हकीकत मात्र विकण्याचीच आहे. विकणाऱ्या होत्या आमच्या शेजारच्या काकू, वस्तू होती एक जुनी हवाईयन गिटार, आणि घेणारा जवळजवळ मी होतो. त्या 'जवळजवळ'बद्दलच आज लिहायचे आहे.

आम्ही राहतो पडघ्याला. हे गाव वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल, पण गाडीच्या काचेतून. मुंबईहून नाशिकला जाताना भिवंडीची गोदामे मागे पडू लागतात, टोलनाक्यावर गाडी रेंगाळते, आणि मागच्या सीटवरून कुणीतरी विचारते, "कुठं आलो?" तेच आमचे पडघे. एका अंगाला भाताची खाचरे, दुसऱ्या अंगाला विजेचे उंच मनोरे. कारण इथे 400 किलोव्होल्टचे मोठे वीज-उपकेंद्र आहे.

शेजारचे काका या उपकेंद्रातच नोकरीला होते. त्या वेळी ते वीज मंडळ होते. 2005 साली मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या, त्याआधीच काका निवृत्त झाले. मोठमोठ्या रोहित्रांचा घूंऽ असा आवाज तिथे रात्रंदिवस चालू असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तने करते आणि रोहित्राचे लोखंड त्याच्या दुप्पट वेगाने थरथरते, म्हणून तो आवाज. काका म्हणत, "सर, नोकरी असावी तर अशी. चोवीस तास तंबोरा चालू, आणि तंबोरा लावणारे सरकार!" रात्रपाळी करून आले की दुपारी झोपून उठायचे, मांडीवर गिटार आडवी घ्यायचे आणि जुनी भावगीते वाजवायचे. आम्ही अंगणात तांदूळ निवडत, पेपर तपासत ऐकायचो. काका जाऊन नऊ वर्षे झाली. गिटार माळ्यावर गेली.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आज मुलांच्या गळ्यात दिसते ती गिटार वेगळी. तीत डाव्या हाताच्या बोटांनी तार पडद्यांवर दाबतात. हवाईयन गिटार मांडीवर उताणी निजवतात. तिच्या तारा मानेपासून चांगल्या उंच उचललेल्या असतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि डाव्या हातात बार, म्हणजे अंगठ्याएवढी गुळगुळीत पोलादी कांडी. ही कांडी तारेवरून सरकवत न्यायची. तार खाली पडद्याला कधी टेकतच नाही. त्यामुळे एक स्वर दुसऱ्या स्वरापर्यंत न तुटता वाहत जातो. आपल्या संगीतात जिला मींड म्हणतात तीच ही. परक्या बेटावरचे वाद्य आपल्या कानाला इतके घरचे वाटले ते यामुळेच.

हवाई बेटांतल्या जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ केली असे मानतात. रेल्वेच्या रुळांवरून चालताना त्याला एक लोखंडी बोल्ट सापडला, आणि तो त्याने सहज गिटारीच्या तारांवरून फिरवला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असेल तर या वाद्याचा पहिला बारच मुळी सेकंडहँड म्हणायचा! 1915 साली सॅनफ्रान्सिस्कोला मोठे प्रदर्शन भरले, तिथून हवाईच्या संगीताचे वेड अमेरिकाभर पसरले. 1940 च्या दशकात हवाईचे ताऊ मो हे वादक काही वर्षे कलकत्त्यात राहिले आणि त्यांच्यामुळे तिथे ही गिटार रुजली. मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारासिंग यांनी तिच्यावर सिनेमाची गाणी वाजवली आणि त्यांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. पुढे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागदारी आणली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची 1967 सालची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अजून ऐकली जाते. विश्वमोहन भट्टांनी त्याच गिटारीची मोहनवीणा केली आणि 1994 साली ग्रॅमी पारितोषिक मिळवले. इतके झाले तरी घराघरांतून ती हळूहळू मागे पडली. मुलांना उभ्याने वाजवायची गिटार हवी असते. मांडी घालून बसायला सांगितले की त्यांना वाटते, जेवायला वाढले!

तर गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता काकूंनी माळा काढला. गिटार खाली आली. काकूंची मुलगी ठाण्याला असते. ती म्हणाली, "आई, वाजवणारं कुणी नाही. वाळवी लागण्यापेक्षा देऊन टाक." कल्याणहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन गेला. त्याने गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावली, एक डोळा मिटला, आणि निकाल दिला, "मान वाकलीय, काकू. आता ही गेली. लाकडाच्या भावात सातशे देतो."

संध्याकाळी काकू गिटार घेऊन आमच्याकडे आल्या. "सर, तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही सांगाल तो भाव. बघा बरं जरा."

मला यातले कळते हे खरे होते. कॉलेजात असताना माझीही एक हवाईयन गिटार होती. तिच्याविषयी पुढे सांगतो. मी काकांची गिटार मांडीवर घेतली. जुने तारवाद्य घेताना जे जे पाहावे ते पाहिले. तारा ज्या घोडीला बांधतात ती घोडी उचकटली आहे का? नव्हती. तारांच्या ओढीने पोटाला फुगवटा आला आहे का? नव्हता. मान जिथे धडाला मिळते तिथे फट? नव्हती. नखाने वाजवून पाहिले. कुठे बद्द आवाज नाही, म्हणजे आतल्या पट्ट्या शाबूत. एक खुंटी तडकलेली होती आणि तारा गंजल्या होत्या. त्या तर बदलायच्याच असतात.

आणि मान? मान खरोखरच वाकली होती. व्यापारी खोटे बोलला नव्हता. उभ्याने वाजवायच्या गिटारीची मान अशी वाकली तर ती कामातून गेली, कारण बोटाने तार पडद्यावर दाबणेच कठीण होते, आणि दाबली तर सूर बिघडतो. पण हवाईयन गिटारीत तार मानेला टेकतच नाही! तिथले पडदे म्हणजे नुसते मैलाचे दगड, कुठवर आलो ते डोळ्यांना कळावे म्हणून. ज्या कामाला ती मान होती, त्या कामात तिचा तो थोडासा बाक कुठेच आडवा येत नव्हता.

हे मला त्या क्षणी स्वच्छ माहीत होते. वाचकहो, मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "हं... मान वाकलेली दिसते खरी. उद्या सांगतो, काकू."

गिटार मला हवी होती. आतून फार दिवसांची हवी होती.

रात्री जेवताना मी सौ.ला म्हटले, "घेऊन टाकावी म्हणतो." ती व्यवहारी आहे. म्हणाली, "मग द्या की पंधराशे. त्या माणसानं सातशे सांगितले. आपण दुपटीहून जास्त देतोय. काकूंनाही आनंद, तुम्हालाही आनंद." हिशेब इतका सुरेख होता की जेवण झाल्यावर मी स्वतःला उदार समजू लागलो. दुपटीहून जास्त! लबाडी करताना माणसाला नेहमी शेजारी एखादा अधिक लबाड लागतो, म्हणजे त्याच्याशी तुलना करून झोप लागते. मला मात्र लागली नाही. कारण मला ॐ आठवला.

तो असा. 1998 साली मी कल्याणला कॉलेजात होतो. विविधभारतीवर लागणारी गिटारीवरची गाणी ऐकून या वाद्याचा नाद लागला होता. शिकवण्या करून 600 रुपये साठवले आणि मुंबईच्या चोरबाजारातून एक जुनी हवाईयन गिटार उचलून आणली. घरी आल्यावर पाहतो तो पाठीच्या फळीला वीतभर भेग! विकणाऱ्याने गिटार माझ्यापुढे सतत पोटाच्या बाजूनेच धरली होती हे मला तेव्हा उमजले. तरी वाजायची. चार वर्षे वाजवली. 2002 मध्ये एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला पैशांची ओढ लागली आणि गिटार विकायला काढली.

ती भेग मी सरसाने भरली, वर पॉलिश फासले, आणि तरीही रेघ दिसत होती म्हणून तिच्यावर ॐचा एक मोठा स्टिकर लावला. गिऱ्हाईक म्हणून उल्हासनगरचा एक शाळकरी मुलगा आणि त्याचे वडील आले. वडील कारखान्यात कामाला असावेत. कपड्यांना तेलाचे डाग होते. त्यांनी गिटार हातात घेतली, फिरवून पाहिली, ॐ दिसला. त्यांनी भक्तिभावाने त्याला बोटे लावून कपाळाला लावली, आणि एका शब्दाची घासाघीस न करता 900 रुपये मोजले.

पाऊस सुरू झाला. सरस पाण्याचा वैरी. हवेतल्या ओलीने तो मऊ झाला, भेग उघडली, आणि गिटार घरघरू लागली. तो मुलगा मला शोधत आला. पैसे परत मागायला नव्हे. अपराध्यासारखा उभा राहून त्याने विचारले, "दादा, आवाज फुटतोय. माझ्याकडून काही झालं का?"

इथे मला खरे सांगता आले असते. नऊशेतले काही परत देता आले असते. अगदीच नाही तर नुसते 'नाही' म्हणता आले असते. मी म्हणालो, "पावसाळ्यात जपायला हवं होतंस."

तो मान खाली घालून गेला. भेग लपवली ती गरजेपोटी, असे मी आजवर स्वतःला पटवत आलो. ते दुसरे वाक्य कशापोटी होते, ते मात्र मला पटवता आलेले नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी भाच्याला फोन लावला. सौ.च्या भावाचा हा मुलगा अमेरिकेत नॅशव्हिलला असतो. आपल्याकडे रात्र तेव्हा तिकडे ऐन दिवस. त्यालाही हाच नाद आहे, फक्त त्याचे वाद्य या गिटारीचे अमेरिकेतले वंशज, पेडल स्टील गिटार. या वाद्याला पोट नाही आणि मांडीही लागत नाही. टेबलासारखे चार पायांवर उभे असते. बहुधा 10 तारा. वाजवणारा खुर्चीवर बसतो, हातात तोच बार, तशाच नख्या; पण पायांखाली पेडले आणि गुडघ्यांशी दांडे. पेडल दाबले की खालच्या सळया ओढल्या जातात आणि ठरावीक तारांचा सूर ठरावीक अंतराने चढतो. बार जागचा न हलवता, वाजत असलेल्या स्वरांपैकी एकच वर सरकतो, बाकीचे जागेवर. 1954 साली वेब पिअर्स या गायकाच्या एका गाण्यात बड आयझॅक्स यांनी अशी पेडलची करामत केली आणि पुढे तिकडच्या देशी गाण्यात हे वाद्य हटेनासे झाले.

भाच्याने ते दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतले होते. नवे फार महाग. आणि जुने, नीट राखलेले असेल तर नव्याइतकेच काम देते. तो म्हणाला, "आतोबा, जुनं पेडल स्टील घेताना तारेपेक्षा खालचं यंत्र बघायचं. उलटं करून सळया बघायच्या. प्रत्येक पेडल दाबून सोडायचं आणि तार आपल्या मूळ सुरावर परत येते का, ते ऐकायचं. सांधे झिजले असले की ती पुरती परत येत नाही." तो चार तास मोटार हाकत एका म्हाताऱ्या वादकाकडे गेला होता. म्हाताऱ्याने भाव सांगण्याआधीच पहिले पेडल दाबून सोडले आणि म्हणाला, पाचवी तार परत येते ती किंचित चढी येते, नीट ऐक. मग आपल्या तोंडानेच किमतीतून तेवढे पैसे कमी केले.

"मग तू काय केलंस?" मी विचारले.

"लगेच घेतलं. ज्यानं न विचारता एक दोष सांगितला, त्यानं दुसरा लपवला नसणार."

मी मग काकूंच्या गिटारीची हकीकत सांगितली. वाकलेली मान, सातशे, पंधराशे, सगळे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अगदी साधेपणाने म्हणाला, "पण आतोबा, किंमत तुम्हीच सांगणार आणि घेणारही तुम्हीच. मग काकूंच्या बाजूनं कोण आहे?"

एवढ्या लांबून येऊनही प्रश्न अगदी सुरात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंकडे गेलो. मान वाकल्याने या गिटारीचे काही बिघडत नाही, हे गिटार मांडीवर घेऊन, तार आणि मान यांमधल्या फटीत काडी सरकवून दाखवले. बाहेर हिला पाच-सहा हजार यायला हरकत नाही, असेही सांगितले.

काकू म्हणाल्या, "म्हणजे त्या माणसानं मला फसवलं?"

"नसेलही. त्याला कदाचित ठाऊक नसेल. मला ठाऊक होतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. "मग काल का नाही सांगितलंत?"

बावीस वर्षे मी वर्गात विद्यार्थ्यांना प्रश्न विचारतो आहे. इतक्या सोप्या प्रश्नाला इतका अनुत्तरित विद्यार्थी मी पाहिलेला नाही. शेवटी म्हणालो, "मला हवी होती, काकू."

"मग घ्या की! नाही कोण म्हणतंय?" त्या हसल्या.

"आधी बाहेर विचारू. बाहेरचा भाव कळू दे. मग वाटलं तर मी तेवढेच देऊन घेईन."

जाहिरातीचा मजकूर लिहायचे काम अर्थातच मराठीच्या प्राध्यापकाकडे आले. पहिल्या खर्ड्यात 'सुरेल', 'दुर्मिळ' आणि 'एका रसिकाची स्मृती' असे शब्द होते. सौ.ने वाचून विचारले, "हे विकताय की श्रद्धांजली वाहताय?" मग दुसरा लिहिला: 'जुनी हवाईयन गिटार विकणे आहे. मान वाकलेली आहे. मांडीवर घेऊन वाजवण्यास अडचण नाही, उभ्याने वाजवता येणार नाही. एक खुंटी तडकलेली. तारा बदलाव्या लागतील. बार सापडत नाही. पोट व पाठ शाबूत. प्रत्यक्ष पाहून खात्री करावी.' विशेषण म्हणावे तर दोषांचीच. माझ्या हातून उतरलेला हा बहुधा सर्वांत चांगला मराठी परिच्छेद असावा. काकूंच्या मुलीने तो गिटारीच्या पुढच्या-मागच्या छायाचित्रांसह मोबाइलवरून चार ठिकाणी पाठवला.

तीन फोन आले. एकाला ती हॉटेलच्या भिंतीवर टांगायला हवी होती. दुसऱ्याने मान वाकलेली आहे म्हणता तर पाचशेला द्या म्हटले. तिसरा नाशिकहून होता. त्याने भाव विचारलाच नाही. म्हणाला, "खुंटी कितव्या तारेची तडकलीय?" मी सौ.ला म्हटले, "हा वाजवणारा आहे."

रविवारी ते एस.टी.ने आले. पन्नाशीचे गृहस्थ, बँकेत नोकरी. तारांचा नवा जोड, एक खुंटी आणि रुमालात गुंडाळलेला बार, असे सगळे शबनम पिशवीत घेऊनच आले होते. मी मागची बाजू आधी दाखवली. सवय नव्हती, जरा अवघड गेले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, घोडी पाहिली, मान पाहिली आणि म्हणाले, "लिहिलंय तसंच आहे." मग काकांच्याच पलंगावर बसून तारा चढवू लागले.

इकडे स्वयंपाकघरातून चहाची तयारी ऐकू येत होती. ठक, ठक, ठक. मी सहज आत डोकावलो. काकू आले ठेचत होत्या, आणि त्यांच्या हातात अंगठ्याएवढी, गुळगुळीत, पोलादी...

"काकू! हे काय?"

"हे? आलं ठेचायचं. ह्यांच्या सामानात सापडलं होतं. नऊ वर्षं वापरतेय. का हो?"

बार असा सापडला. केकुकूच्या बोल्टचा प्रवास रुळांवरून तारांवर झाला. काकांच्या बारचा तारांवरून आल्यावर.

चहा झाल्यावर पाहुण्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि एक जुने भावगीत वाजवले. मी फार दिवसांनी ते वाद्य इतक्या जवळून ऐकत होतो. बार तारेवरून असा जाई, की स्वर कुठे सुटला आणि कुठे पोहोचला ते कळू नये. मी ओळखले, हा माणूस रोज बसतो. मी 2002 नंतर बारला हात लावलेला नव्हता. मला गिटार हवी होती म्हणजे नेमके काय हवे होते, याचा मी विचार करू लागलो. बहुधा मला माझी विशी हवी होती, आणि तीही काकूंकडून, पंधराशे रुपयांत.

गाणे संपले. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. डोळ्यांना पदर वगैरे काही नाही. त्या म्हणाल्या, "छान वाजवलंत. ह्यांचं जरा हळू असायचं."

पाहुण्यांनी मान डोलावली, आणि तेच गाणे पुन्हा, हळू वाजवले.

भाव मी सांगितला नाही, त्यांनीच सांगितला: 6500. काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. पैसे मोजून झाल्यावर काकूंनी बार धुऊन, पुसून त्यांच्यापुढे धरला. "हाही तुमचाच." त्यांनी तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि हसले. "आल्याचा वास काही जायचा नाही आता. माझ्याकडे आहे, काकू. हा तुमच्या चहाला राहू द्या." मी त्यांना एस.टी.पर्यंत सोडायला गेलो. गिटार जुन्या चादरीत गुंडाळली होती. खिडकीशी बसून त्यांनी ती मांडीवर आडवीच घेतली.

परत आलो तर सौ. म्हणाली, "गेली ना हातची?" मी म्हटले, "गेली." तिने पुढे विचारले नाही. संध्याकाळी काकूंनी दोन कप चहा पाठवला. त्यात आले जरा जास्तच होते.

आता दिवाळी पुन्हा आली आहे. तुमच्याही माळ्यावरून काही ना काही उतरेल. कुणाची पेटी, कुणाचा तबला, कुणाची सतार. विकणार असाल तर त्याची पाठ आधी दाखवा. आणि तुम्हाला त्यातले कळते म्हणून कुणी भाव विचारायला आले, तर तो भाव सांगेपर्यंत स्वतः गिऱ्हाईक होऊ नका. एवढे दोन नियम मला या व्यवहारात मिळाले, आणि दोन्ही बरेच उशिरा मिळाले.

पण एक हिशेब अजून उरला आहे, आणि तो इथेच मांडायचा म्हणून ही सगळी हकीकत लिहिली. उल्हासनगरचा तो मुलगा आज माझ्यासारखाच केस पांढरे होऊ लागलेला गृहस्थ असेल. त्याचे नाव मी तेव्हा विचारलेही नव्हते. हा दिवाळी अंक कदाचित त्याच्या घरी येत असेल. येत असेल तर त्याला सांगायचे आहे: आवाज फुटला तो तुझ्यामुळे नव्हे. भेग आधीपासून होती. ॐच्या खाली होती. ते नऊशे रुपये मी बाजूला काढून ठेवले आहेत. व्याजाचे तू सांगशील तसे.